काजळे मास्तरांना खाली आणलं ती गोष्ट

दिगूने कुऱ्हाड उचलली तेव्हा मला वाटलं, तो तंबूसमोरचा बर्फ फोडणार आहे. ती माझ्या डाव्या खांद्यावर आली. आतलं हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, वाळकी काटकी मोडावी तसा, आणि दुखायला लागायच्या आत माझं टाळकं सरकलं.

"अरे रांडेच्या, मी आहे! गजा!"

"माहीत आहे मला कोण आहेस ते," दिगू म्हणाला. आवाज अगदी वर्गात हजेरी घेतल्यासारखा. "माझे हात न्यायला आलायस तू. त्या चोराला बरोबर घेऊन."

चोर म्हणजे अंगरूप. लाहौलचा माणूस, आमचा वाटाड्या, गेले अठरा दिवस दिगूच्या पाठीवरचं अर्धं ओझं न सांगता स्वतःच्या पाठीवर घेणारा. दिगूने कुऱ्हाड पुन्हा उगारली, तेव्हा अंगरूपने मला कॉलरला धरून मागे ओढलं. घाव तंबूवर बसला. कापड टर्रकन फाटलं आणि वारा आत शिरला.

दिगू म्हणजे दिगंबर काजळे. जुन्नरच्या शाळेत गणित शिकवायचा. आख्खा गाव त्याला मास्तर म्हणायचा, मी तेवढा दिगू म्हणायचो. वीस वर्षं आम्ही एका दोरावर चढलो. जीवधनच्या वानरलिंगी सुळक्यावर मी लटकलो होतो तेव्हा वरून दोर धरणारा हाच होता, आणि हाताची सालटी निघाली तरी त्याने तो सोडला नव्हता. वर्गात छडी नाही, घरात आरडाओरडा नाही. भांडणात मी पुढे आणि तो मला मागे ओढायला, अशी आमची वाटणी ठरलेली. त्या दिवशी मात्र सगळं उलटं झालं होतं.

आम्ही होतो सत्तावन्नशे मीटरवर, कॅम्प दोनला. हिमालयातलं हे शिखर काही नावाजलेलं नव्हतं, पण आमच्या गिर्यारोहण क्लबचं पंचविसावं वर्ष होतं आणि मोहिमेचा नेता मी होतो. वेल्डिंगच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला नेता म्हटलं की त्याची छाती जरा जास्तच फुगते. माझीही फुगली होती, ते नाकारण्यात अर्थ नाही.

आमच्या क्लबची एक पद्धत होती. उंचीवर डोकं फिरतं, मेंदूला सूज येते, हे आम्ही ऐकून होतो. मग कोणाचं डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाचं नाही, हे ओळखायचं कसं? मी उपाय काढला होता, पाढे. रोज सकाळी निघण्याआधी प्रत्येकाने एकोणतीसचा पाढा म्हणायचा. अडखळला तो खाली. बाकीच्या क्लबांना मी हा उपाय मोठ्या तोऱ्यात सांगायचो. यंत्र नको, डॉक्टर नको, शाळेतलं पाठांतर पुरे!

त्या सकाळी साडेचारला चहा झाला. अंगरूप दोर गुंडाळत होता. दिगू तंबूच्या तोंडाशी बसून बुटाची नाडी बांधत होता. मी माझे बूट घातले, पिशवी भरली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, तरी त्याची नाडी बांधून होईना. एक टोक बोटात धरायचा, दुसरं शोधायचा, मग पहिलं सुटायचं.

"डोकं दुखतंय का रे?" मी विचारलं.

"थोडंसं. चहाने जाईल."

"पाढा म्हण."

दिगू हसला. गणिताच्या मास्तराला पाढा विचारणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा धरता येतो का विचारण्यातला प्रकार. त्याने सुरुवात केली, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." आणि न थांबता, न चुकता एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत जाऊन थांबला. वर मी न विचारता दिडकीही सुरू केली. एक दिडे दीड, दोन दिडे तीन. मीच त्याला थांबवलं.

अंगरूप माझ्याजवळ आला. "साब, मास्टरजी का पैर देखो. रात को तंबू के बाहर गए थे तो दो बार गिरे."

"पाढा ऐकला ना तू? फटाफट बोला उसने."

"पाढा तो तोता भी बोलता है, साब. चला के देखो."

मला राग आला. माझ्या क्लबची पद्धत, आणि हा मला शिकवणार? शिखर तिथून दिसत होतं. पाच तासांची वाट होती, आभाळ स्वच्छ होतं, आणि उद्यापासून हवा बिघडणार असं रेडिओवर सांगितलं होतं. दिगूला खाली पाठवायचं तर अंगरूपला सोबत द्यावं लागलं असतं, आणि मग मी एकटा काय शिखर चढणार होतो? मी गुडघ्यावर बसलो आणि माझ्या हाताने दिगूच्या बुटाची नाडी बांधली. दोन्ही बुटांची. चाळिशीतल्या माणसाला स्वतःची नाडी बांधता येत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि नाडी बांधून त्याला वर नेलं.

दोन तासांनी दिगू बर्फात बसला. उठेना. अंगरूपने हात दिला तर तो हात झटकून म्हणाला, "हा कोण?" मग उलटी झाली. मग पाय दारू प्यायल्यासारखे वेडेवाकडे पडायला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही त्याला मधे घालून, जवळजवळ उचलतच, अकराच्या सुमाराला कॅम्प दोनला परत आणलं. शिखर पाठीमागे लखलखत होतं. मी एकदाही वळून बघितलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

आता एकच गोष्ट करायची होती. त्याला खाली न्यायचं, लगेच. कॅम्प एकवर आमचे चार जण होते, प्राणवायूचं नळकांडं होतं. मधे दोनशे मीटरची बर्फाची भिंत आणि तिच्यावर आम्हीच बांधलेला दोर, एवढीच वाट. मी औषधाच्या डब्यातलं सुजेवरचं इंजेक्शन काढलं. पॅन्टच्या वरूनच मांडीत टोचायचं, असं शिकवलं होतं. सुई बघितली आणि दिगू बिथरला. मला ढकलून बाहेर गेला, आणि कुऱ्हाड घेऊन वळला.

खांदा मोडला तो असा.

तंबू फाडून झाल्यावर दिगू थांबला, धापा टाकत. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि दाढीत गोठत होतं. मग त्याची नजर दोराकडे गेली. भिंतीच्या माथ्यावर बर्फात ठोकलेल्या दोन खुंट्यांना तो बांधलेला होता.

"याच्यावरून येतात सगळे," तो म्हणाला आणि दोर तोडायला लागला.

पहिल्या घावात बर्फाचे तुकडे उडाले. दुसऱ्या घावात एक खुंटी हलली. तो दोर तुटला असता तर आम्ही तिघेही वरच मेलो असतो, आणि खालचे चार जण नुसते बघत राहिले असते. अंगरूप मागून झेपावला, त्याने दिगूच्या कमरेला मिठी मारली. दिगूने डोकं मागे आपटलं, अंगरूपचं नाक फुटलं. मग कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या बरगडीत बसला, तशी अंगरूपची पकड सुटली.

"साब, छोड दो इसको!" तो रक्त थुंकत ओरडला. "हम दोनों उतर जाते हैं! नहीं तो तीनों मरेंगे!"

"नाही सोडणार!"

माझा डावा हात लोंबत होता. उजव्या हाताला काय लागलं तर कुकर. एवढ्या उंचीवर साध्या भांड्यात भात शिजत नाही म्हणून आम्ही तीन लिटरचा कुकर पाठीवर वाहून आणला होता. कालची खिचडी तळाला गोठलेली होती, त्यामुळे चांगला जड होता. मी तो दांडीला धरला, दिगूच्या मागे गेलो आणि त्याच्या उजव्या कानाच्या वर मारला.

दिगू गुडघ्यावर आला. कुऱ्हाड हातातून सुटली आणि भिंतीवरून खाली गेली. तो पडल्या पडल्या लाथा झाडत होता. अंगरूप त्याच्या छातीवर बसला आणि मी एका हाताने सुई मांडीत घुसवली. मग आम्ही त्याला बांधलं. हात अंगाशी, पाय एकत्र, झोपायच्या पिशवीत घालून वरून चटई आणि तंबूचे सगळे दोर. गावी बैलाच्या खुराला पत्री ठोकताना आडवं पाडून बांधतात, तसं मी माझ्या मित्राला बांधलं.

शेवटची गाठ मारायला अंगरूपने हातमोजा काढला. दिगूने मान उचलली आणि त्याच्या करंगळीचा लचका तोडला. अंगरूप किंचाळला. रक्ताची पिचकारी बर्फावर उडाली, आणि दिगू दात विचकून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत मी कुठेच नव्हतो.

त्यानंतर दिगू गप्प झाला. खाली पोहोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

उतरायला साडेपाच तास लागले. मी वर थांबून दोराला वेढा देऊन एका हाताने हळूहळू सोडायचो, अंगरूप त्या गाठोड्याबरोबर उतरायचा. मग नवी खुंटी, नवा वेढा. प्रत्येक झटक्याला माझ्या खांद्यातली हाडं एकमेकांवर घासायची आणि मी दिगूला शिव्या द्यायचो. आई-बहिणीवरून, मोठमोठ्याने, म्हणजे मला शुद्ध राहावी म्हणून. मधे एकदा दोर अडकला, गाठोडं भिंतीवर आपटलं. अंगरूपने खालून ओरडून सांगितलं, "साँस चल रही है!" तेवढं एक वाक्य मला पुरलं.

कॅम्प एकला त्याला प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हॉस्पिटलमध्ये होता, जिवंत. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या कानाच्या वरची जखम बघून विचारलं, "हे काय?"

"पडला," मी म्हणालो. "बर्फात."

मी त्याला वाचवलं असं सगळ्यांनी म्हटलं. जुन्नरमध्ये सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. अंगरूपची करंगळी अर्धी गेली, त्याचा सत्कार कोणी केला नाही.

दिगू वाचला, पण मास्तर काही परत आला नाही. चालताना तोल जायचा, म्हणून एकट्याने उभं राहता येईना. समोरच्याचं नाव आठवायचं नाही. कधी दिवसभर गप्प, कधी ताट भिंतीवर. विजयावहिनी, म्हणजे त्याची बायको, अंगणवाडीत जायच्या आधी त्याला आंघोळ घालायच्या, आणि आडदांड गड्याला एकट्या बाईने उचलायचं तरी कसं? म्हणून मी जायला लागलो. रोज सकाळी सात वाजता. अकरा वर्षं, सण नाही, सुतक नाही. लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी. मी मान खाली घालून चालू लागायचो.

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून डॉक्टर शाल्मली दातार आल्या. तरुण, शांत, मोठी फाइल घेतलेली. उंचीवर जाऊन आलेल्यांच्या मेंदूचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी दिगूला तपासलं, मेंदूचे जुने-नवे सगळे फोटो खिडकीला धरून बघितले. वहिनींनी चहा ठेवला आणि विचारलं, "बाई, हे झालं तरी कशाने? इतकी वर्षं झाली, मला कोणी धड सांगितलं नाही."

डॉक्टर बाईंनी नीट सांगितलं. वर प्राणवायू कमी. पेशींना तो पुरेना झाला की त्यांचं आतलं काम बिघडतं, आणि जो प्राणवायू वापरला जायचा, त्यातूनच जहाल कण तयार होतात. ते समोर येईल त्याला खातात. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती खातात, त्या पाझरतात आणि मेंदू सुजतो. "शरीरात असले कण रोजच होतात," त्या म्हणाल्या, "पण शरीर त्यांना आवरतं. वर ते आवरेनासे होतात."

"गंज," मी म्हणालो. "लोखंडाला ज्या हवेने चढतो, तसा."

"बरंचसं तसंच."

"आणि पाढे? तो पाढे बिनचूक म्हणत होता, बाई. सगळे."

"लहानपणी घोकलेलं शेवटपर्यंत टिकतं. त्याला विचार लागत नाही. तुम्ही त्यांना टाचेला अंगठा लावून एका रेषेत चालायला लावलं असतं, तर चार पावलांत कळलं असतं."

चार पावलं!

मग त्यांनी एक फोटो पुन्हा उजेडात धरला. "हे मधले बारीक ठिपके उंचीचेच. पण हा इथला, कानाच्या वरचा मोठा डाग, हा मला उंचीचा वाटत नाही. कागदात लिहिलंय, पडले. असे कसे पडले? मला नक्की माहीत हवं. नाहीतर हे सगळं मी उंचीच्या खात्यावर टाकेन, आणि ते चूक होईल."

दिगू कोपऱ्यात खुर्चीवर बसून शर्टाचं बटण काढत होता, घालत होता. वहिनी दारात उभ्या होत्या. अकरा वर्षं जे गिळलं होतं ते माझ्याच्याने आणखी गिळवेना.

"मी मारलं," मी म्हणालो. "कुकरने. तो दोर तोडत होता, तिघेही मेलो असतो. दुसरा इलाज नव्हता."

डॉक्टर बाई लिहायला लागल्या. "एकदाच?"

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. तेवढं माझ्या बाजूने खरं होतं.

"नाही," मी म्हणालो. "दोनदा. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो बांधलेला होता. हातपाय हलत नव्हते. अंगरूपचं बोट तोडलं म्हणून मारलं असं मी स्वतःलाही सांगत आलो, पण तेही खोटं आहे. मी वर शिखराकडे बघितलं. शिखर गेलं, याच्यापायी गेलं, म्हणून मारलं. आणि तो दुसरा फटका जोरात होता. पहिल्यापेक्षा जोरात."

बाईंचं पेन थांबलं होतं. "आजची यांची अवस्था कशामुळे किती," त्या म्हणाल्या, "हे वेगळं करून मला सांगता येणार नाही. कोणालाच नाही." मग त्यांनी ती ओळ लिहून घेतली, फाइल बंद केली आणि त्या गेल्या.

मी वहिनींच्या पायाशी वाकलो. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"उठा, भाऊजी. मला माहीत होतं."

"काय?"

"हॉस्पिटलात मी पोचले ना, त्याच दिवशी अंगरूपने सांगितलं. दोन्ही वेळचं. त्याच्या हाताला पट्टी होती, नाक सुजलेलं. रडत होता बिचारा. म्हणाला, दीदी, साब ने दूसरी बार गुस्से में मारा, मैं रोक नहीं पाया."

ही बाई अकरा वर्षं रोज सकाळी मला चहा देत होती. दिवाळीला माझ्या पोरांना फराळ पाठवत होती.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "शिव्या द्यायच्या होत्या. थोबाडीत मारायची होती माझ्या!"

"मारली असती," वहिनी म्हणाल्या. "हात शिवशिवत होते माझे. पण विचार केला, मी बोलले तर हा माणूस रडणार, पाया पडणार आणि मोकळा होणार. वर्षभर येईल, दोन वर्षं येईल, मग आपल्या दुकानात जाऊन बसेल. मला तुमची माफी नको होती, भाऊजी. मला यांना उचलणारा माणूस हवा होता."

त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, कारण त्या रडत नव्हत्या. रडत होतो मी. दिगू बटण सोडून माझ्याकडे बघत होता, कोण रडतंय ते न कळून.

"आता तुम्ही बोलून बसलात," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "उद्या येणार की नाही, तेवढं सांगा."